पूर उतरल्यावर आलेला ताप

माणूस पिवळा पडला की आपल्याकडं सगळ्यांची नजर त्या पिवळेपणावरच खिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझे धाकटे दीर आयसीयूत होते, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस बाहेरच्या बाकावर टेकायच्या आधी विचारायचा, "कावीळ किती हाय आज?" बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या त्या पिवळ्या रंगाचा, आकडा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाला होता. आणि आतल्या डॉक्टर मॅडमना सगळ्यात कमी काळजी होती ती त्याच आकड्याची. असं का, हे कळायला मला वेळ लागला. मी कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवते. औषधपाण्याचं माझं ज्ञान पॅरासिटामॉलपुरतं. तरी दर पावसाळ्यात ओळखीचं कुणीतरी फोन करतं, "तुमच्या भाऊजींना नेमकं काय झालं होतं हो?" त्यांना झाला होता लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आमचं सासर प्रयाग चिखलीचं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते ती जागा गावाला लागूनच, त्यामुळं पूर आम्हाला नवा नाही. पण तो पूर वेगळा होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुण्याचा हायवे बंद पडला, गावात बोटी आल्या. म्हशी सोनतळीला हलवल्या. सासूबाई, जाऊ स्वाती आणि पोरं आमच्याकडं मंगळवार पेठेत आली. सागरभाऊजी मात्र म्हशींपाशी थांबले आणि पाणी ओसरायला लागल्याबरोबर सगळ्यांच्या आधी गावात शिरले.

गोठ्यात गुडघाभर गाळ. कुजलेली पेंड, ओल्या वैरणीचा आंबूस वास, त्यात मेलेले उंदीर. चप्पल रुतते म्हणून भाऊजी अनवाणी. पत्र्याची कड टाचेला लागली, तिच्यावर हळद दाबली आणि परत फावडं हातात. गावात आरोग्याचं पथक येऊन गेलं होतं. आशाताईंनी लेप्टो होऊ नये म्हणून घरोघर कॅप्सूल दिल्या होत्या, जेवल्यावर घ्या म्हणून बजावलंही होतं. भाऊजींनी त्या गोठ्याच्या कोनाड्यात ठेवल्या. पुढं घर आवरताना स्वातीला त्या तिथंच सापडल्या, पाकीटसुद्धा न फोडलेलं.

लेप्टोस्पायरा नावाचा हा पिळदार जंतू उंदरांच्या किडनीत मुक्काम ठोकून असतो. उंदराला त्याचा काही त्रास नाही; तो लघवीतून जंतू सोडत हिंडतो. गाई-म्हशी, कुत्री, डुकरं हीसुद्धा सोडतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि माणसाच्या अंगात शिरायला त्याला एखादी चीर किंवा डोळ्या-तोंडाची ओली कातडी पुरते. शिरल्यावर ताप यायला बहुधा एक-दोन आठवडे लागतात, आणि तोवर टाचेला पत्रा लागलेला कुणाच्या लक्षातही नसतो. जगभरात दरवर्षी याचे सुमारे १० लाख रुग्ण आणि जवळजवळ ५९ हजार मृत्यू होतात असा अंदाज आहे. बऱ्याच जणांना नुसता तापच येतो आणि जातो. थोड्यांच्या बाबतीत तो अवयवांवर उतरतो.

भाऊजींना ताप आला तेव्हा गावात निम्मी माणसं तापानं पडली होती, त्यामुळं विशेष कुणाला काही वाटलं नाही. अंगदुखी, डोकेदुखी, थंडी. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे पोटऱ्या. "वैनी, पोटरीला नुसतं धोतराचं टोक लागलं तरी जीव जातोय बघा," असं म्हणाले होते. दुसरं म्हणजे डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, पाणी नाही, खाज नाही. गाळ उपसून पोटऱ्या धरल्या आणि रात्री जागून डोळे लाल झाले, असा आम्ही सगळ्यांनी मिळून निकाल लावला. चार-पाच दिवसांनी ताप उतरला, भाऊजींनी भाकरी मागून घेतली, सासूबाईंनी देवाला नारळ दिला. दोनच दिवसांत ताप परत चढला, आणि या वेळी डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. हा मधला उतारही या आजारात पुष्कळदा दिसतो, हे नंतर कळलं. आधी जंतू रक्तात फिरत असतो. मग शरीर त्याच्याविरुद्ध उठतं, आणि त्या धुमश्चक्रीत अवयव सापडतात.

कावीळ म्हटल्यावर वडणग्याच्या मावशींनी पन्हाळ्याकडच्या एका गावातलं झाडपाल्याचं औषध आणून ठेवलं. आमच्याकडं कावीळ म्हणजे ते औषध, तेल-मीठ बंद आणि ऊसाचा रस, हे ठरलेलं. स्वातीनं एक मात्रा दिलीही. पण त्या रात्री भाऊजींनी लघवीला जाऊन येताना भिंत धरली आणि तिथंच बसले. यांनी गाडी काढली आणि आम्ही त्यांना शहरातल्या एका हॉस्पिटलात आणलं.

कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरनं डोळे बघायच्या आधी पाय बघितले. टाचेच्या जखमेवर बोट ठेवून विचारलं, "पुराच्या पाण्यात उतरला होता का? घरी जनावरं आहेत?" मग पोटऱ्या दाबल्या. भाऊजी कळवळले. डॉक्टर सिस्टरला म्हणाला, "लेप्टो धरून चला." रक्ताचे कागद आले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पुराच्या भागातल्या माणसाला ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगावं: पाण्यात होतो, गोठा साफ केला, पायाला जखम होती. या तीन गोष्टींनी जेवढा वेळ वाचतो तेवढा कुठल्या मशीननं वाचत नाही.

रक्ताचे आकडे आले. प्लेटलेट ३४ हजार. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, ५.६. बिलिरुबिन १४. पोटॅशियम ३. मॅडम, म्हणजे आयसीयूच्या मुख्य डॉक्टर, कागद माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "हे दोन आकडे बघा." एक एसजीपीटीचा होता, १२० च्या आसपास. नेहमीच्या काविळीत, म्हणजे विषाणूनं लिव्हर सुजतं तेव्हा, हा आकडा हजारांत जातो, कारण लिव्हरच्या पेशी फुटून आतला ऐवज रक्तात येतो. लेप्टोत पेशी फारशा मरत नाहीत. त्यांच्यामधले सांधे सुटतात आणि पित्त आतड्याकडं जायचं ते रक्तात झिरपतं. म्हणून माणूस पिवळाजर्द दिसतो, पण लिव्हर शाबूत असतं. दुसरा आकडा पोटॅशियमचा. किडनी बंद पडली की पोटॅशियम वाढतं, इथं ते घटलं होतं. जंतू किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो आणि त्या नळ्या मीठ-पोटॅशियम परत ओढून घ्यायचं काम सोडून देतात. लघवी होत असते, पण कामाची नसते. कचरा आतच राहतो. क्रिएटिनिन वाढलेलं आणि पोटॅशियम कमी, ही जोडी दिसली की जाणकार डॉक्टरच्या डोक्यात लेप्टो येतोच.

लेप्टोची आयजीएम तपासणी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधायची रक्ततपासणी, पाठवली होती, पण ती आजाराच्या पहिल्या पाच-सात दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. मी वाट बघणार नाही." सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे जंतू मारायचं औषध शिरेतून सुरू झालं. पहिल्या डोसनंतर काही वेळातच भाऊजींना हुडहुडी भरली. पलंग हलत होता. ताप उसळला. बाहेर लगेच कुजबूज, "औषधानं वाढलं." एकाच वेळी ढिगानं जंतू मेले की त्यांचे तुकडे रक्तात पडतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, काही जणांत पहिल्या डोसनंतर असं होतं. हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी तरी शांत राहिले. सासूबाईंना समजावता समजावता मात्र नाकी नऊ आले.

पहाटे रक्तदाब कोसळला. इथून पुढचे दोन दिवस सलग असे आठवत नाहीत, तुकडे आठवतात. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा, म्हणजे रक्तदाब चढवायच्या औषधाचा, पंप, त्यावरचा हिरवा आकडा. गळ्यात घातलेली मोठी सुई. युरोबॅगेत तळाशी चहाच्या रंगाची थोडीशी लघवी, जी तासभरात काही वाढेना.

रक्तदाब पडला म्हणून किडनी का बंद पडावी, असं मी विचारलं तेव्हा मॅडमनी मला उसाची शेती आहे का ते विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मोटार चालू आहे, विहिरीत पाणी आहे, पण पाटाला जागोजाग घुशी लागल्यात; शेवटच्या सरीला पाणी पोचेल का? गंभीर संसर्गात रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. पाणी आणि प्रथिनं बाहेर पाझरतात, अंग सुजतं, पण आत दाब राहत नाही. वाहिन्या सैलही पडतात. कुठं रक्त पोचतं, कुठं नाही. ज्या पेशीला प्राणवायू मिळत नाही ती काम थांबवते. रक्तातलं लॅक्टेट वाढतं ते यामुळंच, आणि म्हणून ते दर काही तासांनी बघतात. यालाच सेप्सिस म्हणतात. नुसतं 'रक्तात जंतू झाले' असं नाही. जंतूंशी लढताना शरीराचाच तोल जाऊन अवयव निकामी व्हायला लागणं, ही त्याची २०१६ पासूनची व्याख्या आहे. गळती असलेल्या पाटात नुसतं पाणी सोडत राहिलं तर शेताचा चिखल होतो, म्हणून सलाईनही मोजूनमापून. लेप्टोत तर ते जास्तच, कारण जादा पाणी फुप्फुसात उतरतं.

डायलिसिसच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा हे बिचकले. आमच्या भावकीत एकाचं डायलिसिस वर्षानुवर्षं चालू होतं. डायलिसिस म्हणजे माणूस कायमचा मशीनला बांधला, हेच डोक्यात. मॅडम स्पष्ट बोलल्या. साखरेनं किंवा बीपीनं हळूहळू मेलेली किडनी परत येत नाही. ही मेलेली नाही, ही थांबली आहे. पेशंट जगला तर लेप्टोतली किडनी बहुधा पूर्ववत होते. डायलिसिस लवकर आणि रोज केलं तर जगण्याची शक्यता वाढते, टाळाटाळ केली तर घटते. यांनी सही केली. प्लेटलेट इतक्या कमी असताना रक्त पातळ करायचं औषध मशीनमध्ये घालता येत नव्हतं, त्यामुळं नळ्या मधेच गोठायच्या, टेक्निशियन पुसपुसून, धुऊन परत लावायचा. त्याच्या कपाळावरचा घाम मला दाराच्या काचेतून दिसायचा.

त्याच सुमारास भाऊजी खोकले आणि टॉवेलवर लाल पडलं. करंगळीच्या नखाएवढा डाग. स्वातीनं तो टॉवेल घडी करून बाजूला ठेवला, कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं हिरडीतून आलं असेल. सिस्टरनं बघितलं आणि धावत मॅडमना बोलावलं. छातीचा एक्स-रे काढला. सकाळच्या एक्स-रेत फुप्फुसं काळी होती, या एक्स-रेत दोन्ही बाजूंनी पांढरं भरलेलं. फुप्फुसाच्या आत, हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये रक्त पाझरत होतं. बाहेर एवढंसं आलं म्हणून आत थोडं आहे असं नसतं.

मॅडम बाहेर आल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाई, कावीळ उतरली का?" मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, कावीळ आता विसरा. काविळीनं तुमचा मुलगा जाणार नाही. फुप्फुसात रक्त उतरलंय, त्याची भीती आहे." मग यांना बाजूला घेऊन सांगितलं की लेप्टोत असा रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावू शकतात. व्हेंटिलेटर लावावा लागेल. लावला. व्हेंटिलेटरवर जास्त हवा कोंबली की आजारी फुप्फुस आणखी फाटतं, म्हणून श्वास लहान ठेवतात: माणसाच्या उंचीवरून त्याचं अपेक्षित वजन काढायचं आणि किलोमागं ६ मिलिलिटरच्या आसपास. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या एवढ्या बदलानं मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले होते. हे पुढं वाचलं तेव्हा वाटलं, एवढी महागडी मशीन, आणि शहाणपण काय तर कमी फुंकण्यात.

बाहेर रक्ताची धावाधाव. यांच्या तालमीतली पोरं आली, एकाच्या फोनवर दहा. निम्म्यांचे टी-शर्ट पूरग्रस्तांना वाटप करतानाच्या चिखलानं माखलेले. ब्लड बँकेत एकाला परत पाठवलं, कारण त्यालाच ताप होता, तर तो रुसून बसला. "वैनी, माझं बी घ्या म्हणावं की." पैशाची ओढाताण झाली ती झालीच, महात्मा फुले योजनेच्या काउंटरवरच्या मुलीनं रेशनकार्ड, आधार, फोटो सगळं भरून घेतलं आणि त्यातला बराच भार हलका झाला. पुरात रेशनकार्डाचा लगदा झाला होता, मोबाइलमधल्या फोटोवर काम भागलं. कागदपत्रांचे फोटो काढून ठेवा, एवढं यातून घ्याच.

माझ्या हाताला काम हवं होतं म्हणून मी आकडे लिहायला लागले. मॅडमनी ते बघितलं आणि मला त्यांचा तक्ता दाखवला. सहा अवयव: फुप्फुस, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, लिव्हर, रक्तदाब, मेंदू, किडनी. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे ठीक, चार म्हणजे बंद. एकूण २४ पैकी. याला सोफा स्कोअर म्हणतात. भाऊजी आले तेव्हा ११ होते: लिव्हर चार, किडनी चार, प्लेटलेट तीन. व्हेंटिलेटरच्या दिवशी १८. इथं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, मॅडम, लिव्हरचे चार आणि फुप्फुसाचे चार सारखेच कसे? तुम्हीच म्हणता कावीळ विसरा. मॅडम त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या. "म्हणून मी बेरीज बघत नाही, रोजचा फरक बघते. आणि कुठल्या रकान्यात फरक पडला ते बघते." नंतर वाचनात आलं की पहिल्या ४८ तासांत हा स्कोअर चढत गेला तर सुरुवातीचा आकडा काहीही असो, मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्या वर जातं. आमचा चढत होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते बरं झालं.

शेजारच्या पलंगावर गडहिंग्लजकडच्या एक आजी होत्या, लघवीच्या जागेच्या संसर्गानं सेप्सिस झालेला. त्यांचा स्कोअर भाऊजींच्या निम्मा. व्हेंटिलेटर नाही, कावीळ नाही, बोलत होत्या, मुलाला म्हणत होत्या की घरी जाऊन कोंबड्या कोंडून ये. एका संध्याकाळी त्या गेल्या. वीस-बावीस वर्षांची साखर, किडनी आधीच अर्धी, हृदय आधीच थकलेलं. भाऊजी चाळिशीच्या आतले, धारा काढून, वैरण कापून कसलेले. एकाच तक्त्यात दोघं, पण खाली कोसळताना हाताशी काय शिल्लक आहे, ते त्या तक्त्यात येत नाही.

वळण कुठं आलं, असं लोक विचारतात. तसा एक क्षण नव्हता. लॅक्टेट आधी उतरलं. मग नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या पंपावरचा आकडा रोज थोडा थोडा खाली आला. मग मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ८० टक्क्यांवरून ६०, ६० वरून ४०. आयजीएमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन पडला तेव्हा त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्यात जास्त आनंद युरोबॅगेनं दिला. थांबलेली लघवी सुरू झाली आणि मग थांबेचना. दिवसाला चार-पाच लिटर. सिस्टर ओतून ओतून दमल्या. किडनी जागी होते तेव्हा आधी पाणी सोडते, गाळणं नंतर जमतं; त्या काळात पोटॅशियम, मीठ, पाणी यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर वाचलेला माणूस तिथंच घसरतो. डायलिसिस एक दिवसाआड झालं, मग बंद.

आणि नेमकं तेव्हा बिलिरुबिन २६ झालं.

बाहेर हलकल्लोळ. फुप्फुस सुधारतंय, किडनी सुधारतीय, व्हेंटिलेटरची नळी काढायची तयारी चाललीय, आणि आमचे लोक रडतायत, कारण माणूस आणखी पिवळा दिसायला लागला. बिलिरुबिनचा एक भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतो, आणि रक्तातलं जुनं अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे जातात. त्यामुळं आतलं दुरुस्त झालं तरी रंग मागं रेंगाळतो. मी फळ्यावर शिकवल्यासारखं सगळ्यांना समजावून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे औषध द्यायला पायजे आता." पुढं घरी गेल्यावर महिनाभरात रंग आपोआप उतरला, त्याचं श्रेय अर्थातच पन्हाळ्याकडच्या औषधाला गेलं. मी वाद घातला नाही. ती एक मात्रा सोडली तर औषधाची बाटली स्वातीच्या कपाटातच होती, हे मात्र मला ठाऊक आहे.

नळी निघाल्यावर भाऊजींनी पहिलं काय विचारलं असेल? "म्हशी वर काढल्या का?" पलंगाखाली पाणी आलंय आणि त्यात रेडकू अडकलंय, असं त्यांना दोन दिवस दिसत होतं. सिस्टरला म्हणायचे, "ताई, दावं सोडा आधी, मग सुई टोचा." आयसीयूतला हा भ्रम पुष्कळांना होतो. औषधं, जागरण, संसर्गाचा मेंदूवरचा परिणाम, दिवस-रात्र न कळणारा तो दिव्यांचा उजेड. वेड लागलं असं समजून घाबरायचं नाही. स्वाती घड्याळ आणि पोरांचा फोटो घेऊन आली, चष्मा आणून दिला, रोज तारीख सांगायला लागली. हळूहळू पाणी उतरलं.

घरी आले ते अर्धे होऊन. दंडात मूठ मावेल एवढीच जाडी. आयसीयूत पडलेल्या माणसाचे स्नायू फार लवकर झडतात, आणि याची कल्पना आम्हाला कुणी तेवढी दिली नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांनी. संडासला बसलं की उठता येईना, खुर्ची ठेवावी लागली. धारेला बसायचं म्हणजे उकिडवं बसणं आलं; ते जमायला दिवाळी उजाडली. क्रिएटिनिन मात्र दीडेक महिन्यात १.१ वर आलं आणि तिथंच राहिलं. किडनीच्या डॉक्टरांनी फाइल मिटताना म्हटलं की वर्षातून एकदा तपासा, दुखण्याच्या गोळ्या मनानं खाऊ नका. पुढं काही महिन्यांनी एक डोळा दुखून लाल झाला, उजेड सहन होईना. लेप्टो झाल्यावर डोळ्याच्या आतली सूज महिन्यांनंतरही येऊ शकते हे सांगून ठेवलेलं होतं, म्हणून मेडिकलमधून थेंब आणण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, आणि वेळेत बरं झालं.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, २०१९ पेक्षाही चढ. तोंडाला मास्क, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, अशा अवतारात भाऊजी आशाताईंच्या मागं मागं फिरत होते. गाळात उतरणाऱ्या प्रत्येकानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सीसायक्लिन आठवड्याला २०० मिलिग्रॅम घ्यायचं, हे त्यांना आता आरतीसारखं पाठ. नुसतं पाकीट देऊन पुढं जायचं नाही, समोर गिळायला लावायचं, आणि नाही म्हणणाऱ्याला मानेवरची मशीनच्या सुईची खूण दाखवायची. अशा झपाट्यात त्यांनी एका घरात उंबऱ्यावर बसलेल्या पोटुशी सुनेच्या हातातही कॅप्सूल टेकवली. आशाताईंनी ती झडप घालून काढून घेतली.

"सागरदादा, गरोदर बाईला आणि बारक्या पोरांना ही चालत न्हाई. तिला मी केंद्रावर दावते. तुम्ही गड्यांचंच बघा."